चाराची जोडी

पुंजाराम माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. दोघांच्याही वाट्याला खडकाळ जमीन आली, म्हणून मी जामखेडच्या स्टँडाजवळ सायकलचं दुकान टाकलं आणि तो ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. क्लीनरचा ड्रायव्हर झाला आणि एकाहत्तर साली गहिनीआबाच्या जीपवर लागला. त्या जीपपायी जे घडलं ते थोडं मी जवळून पाहिलं, बाकी त्याच्या तोंडून ऐकलं. आजही आठवलं की तोंडाला कडू पाणी सुटतं. ते गोड करून सांगायचं मला जमत नाही.

गहिनीआबा म्हणजे गहिनीनाथ, आमच्याच भागातला कंत्राटदार. रस्ते, मोऱ्या, शाळेच्या भिंती, निघेल ते काम घ्यायचा. सगळे त्याला आबा म्हणायचे, मीही तोंडावर म्हणायचो. माणूस हसरा. तरुणपणी स्वतः मुरमाची घमेली वाहिलेला, त्यामुळं मजुराच्या खांद्यावर हात टाकून बोलायचा. पुंजारामला त्यानं दिवाळीला कपडे केले होते. वाईट माणसाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं म्हणतात, ते या माणसाकडं पाहून पटावं.

जीप त्यानं नगरच्या लष्करी लिलावातून उचललेली. हिरवा रंग उडालेला, टपाचं कापड फाटलेलं, पण अंगात रग होती. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे होते. एकानं पुढची चाकं जोडली जायची. दुसरा ‘लो’चा, म्हणजे चाल अर्ध्याहून कमी करून ओढ वाढवणारा. दोन्ही ओढले की ती जीप नदीच्या वाळूतून, नांगरटीतून, अगदी खाणीतल्या उतरंडीवरूनही मुंगीसारखी चढून जायची. डांबरी रस्त्यावर मात्र तिचे हाल. चाळीसच्या पुढं काटा गेला की इंजिन किंचाळायला लागायचं आणि आत बसलेल्याला बोलता यायचं नाही. कारण पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलमध्ये ओढीच्या क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चक्रांच्या जोड्या, होत्या. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा शाफ्ट पाचाहून जास्त वेळा फिरायचा. मिस्त्री लोक तिला पाचाची जोडी म्हणत.

आबाला नगरला सतत जावं लागे. त्याच वाटेवर कर्जतकडचा एक दुसरा कंत्राटदार ॲम्बेसिडरमधून जायचा. तो मागून येऊन हॉर्न वाजवत पुढं निघून जायचा आणि चहाच्या हॉटेलात बसून आबा येईपर्यंत दुसरा कप सांगायचा. आबा पोचला की म्हणायचा, या, रणगाडा आला. सगळं हॉटेल हसायचं. आबाही हसायचा, पण परतीच्या वाटेवर ॲम्बेसिडर दिसली की तोंड फिरवायचा. पुंजारामलाही ते लागायचं. गाडी मालकाची असली तरी मागं पडतो तो ड्रायव्हर, असं तो माझ्या दुकानाच्या फळीवर बसून सांगायचा.

शेवटी एक दिवस आबानं जीप नगरला बन्सी मिस्त्रीच्या गॅरेजात घातली आणि हिला पळायला शिकव म्हणून सांगितलं. बन्सीनं दोन-तीन वाटा सांगितल्या. पहिली ओव्हरड्राइव्हची. गिअरबॉक्सच्या मागं बसणारी एक छोटी पेटी येते. दांडा टाकला की सपाटीला इंजिन निवांत, दांडा काढला की जीप पहिल्यासारखी ओढणारी. ॲक्सलला हात लावावा लागत नाही. पण ती परदेशातली, मुंबईत कुणाकडं आली तर आली, थांबावं लागेल. दुसरी वाट, पुढच्या-मागच्या दोन्ही जोड्या बदलून चाराच्या घालायच्या. पळेल बरी, ओढ थोडी कमी होईल, पण ‘लो’ शाबूत राहील. त्याला दोन जोड्या पाहिजेत आणि मुंबईच्या भंगारातून आलेली चाराची जोडी गॅरेजात एकच होती.

थांबणं आबाच्या स्वभावात नव्हतं. आजच्या आज काय होतंय, एवढंच त्यानं विचारलं. बन्सी म्हणाला, फक्त मागची बदलता येईल.

पुढं पाचाची आणि मागं चाराची जोडी घातली तर काय होतं हे बन्सीला ठाऊक होतं. एका जुवाला दोन चालींचे बैल जुंपल्यासारखं होतं. पुढची चाकं जोडली रे जोडली की दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडून काहीतरी मोडतात. शिवाय त्या जीपची घडण अशी होती की पुढची चाकं जोडल्याशिवाय ‘लो’ पडायचाच नाही. म्हणजे एक जोडी बदलली की जीपची सगळी चढायची ताकद गेली. बन्सीनं हे आबाला धड सांगितलं नाही. गिऱ्हाईक मोठं होतं. त्यानं मागची जोडी बदलली, चुकून कुणी ओढू नयेत म्हणून दोन्ही छोटे दांडे काढले आणि त्या भोकांवर पत्र्याचा तुकडा स्क्रूनं आवळून टाकला. पुंजारामला म्हणाला, आता ही निव्वळ मोटार झाली बघ.

पुंजाराम खूश होता, हेही सांगायला पाहिजे. परत येताना त्यानं ॲम्बेसिडरला मागं टाकलं आणि आबानं बाहेर हात काढून दाखवला. ती गोष्ट पुंजारामनं मला इतक्यांदा सांगितली की मला त्या वळणावरचं लिंबाचं झाडसुद्धा पाठ झालं. वर्षभर त्या दोघांचं मोठं सूत जमलं होतं.

मग बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. त्याच्या आदल्या सालीही धड पडला नव्हता. आमच्या भागात हात चालणारी माणसं दर हंगामात ऊसतोडीला राहाता, श्रीरामपूरकडं जातातच. त्या वर्षी घरंच्या घरं बैलगाडीत बसून निघून गेली. मागं उरल्या म्हाताऱ्या आणि लहान पोरांच्या आया. दुकानात लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. त्याच्या भाकरीला जनावराच्या पेंडीचा वास यायचा आणि खाल्ल्यावर दिवसभर घशाशी येत राहायचं. पुंजारामची बायको छबूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. ड्रायव्हरची बायको खडी फोडते म्हणून पूर्वी लाज वाटली असती. त्या वर्षी कुणाला कशाची लाज वाटत नव्हती.

डोंगराच्या पठारावर बोरखडी नावाची वाडी आहे. तिथली विहीर आटली. वर जायला एकच वाट, खडी आणि मुरमाची, वळणं इतकी आखूड की पाण्याचा ट्रक वळत नव्हता. जीपला टाकीचा ट्रेलर लावून पाणी पोचवायचं काम निघालं आणि ते आबाला मिळालं. चार चाकांना जोर असलेली जीप त्याच्याकडं आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. पत्र्याखाली काय झालंय ते कोण वाकून बघणार?

पहिल्या खेपेला आबा स्वतः बरोबर होता. खालच्या धरणाजवळच्या विहिरीवर टाकी भरली. टाकी काठोकाठ भरली की नाही हे पाहायला तिथं सरकारी माणूस बसवलेला होता, आणि भरलेल्या टाकीमागं आबाला पैसे मिळायचे. घाटाच्या पायथ्याला पुंजारामनं पहिला गिअर टाकला. दुसऱ्या वळणावर जीपचा दम संपला. मागची चाकं खडीत नुसती भिरभिरली. मग क्लच जळल्याचा वास आला, आणि गाडी ट्रेलरसकट मागं घसरायला लागली. आबानं उडी मारून चाकाखाली दगड घातले म्हणून दरीत गेले नाहीत. ट्रेलर सांभाळत उलट्या चालीनं ती कशीबशी पायथ्याला आणली.

पुंजारामला वाटलं, आता गाडी माघारी न्यायची. आबानं टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, “सोड अर्धं.”

पुंजारामला आधी कळलंच नाही.

“अर्धं सोडून दे, म्हंजी चढंल. वर हिरीतच वतायचंय. कोन बघतंय किती आलं ते?”

ते खरं होतं. वर टाकीचा पाइप कोरड्या विहिरीत सोडायचे आणि बायका नंतर पोहऱ्यानं शेंदून घ्यायच्या. भरताना पाहणारा माणूस होता, रिकामं करताना नव्हता. पुंजारामनं तोटी उघडली. मुरमाची जमीन इतकी तापलेली होती की पाणी पडताना आधी चर्र आवाज आला, धुरळा उडाला आणि मग ते नुसतं आत गेलं. तो मला म्हणाला होता, ओघळसुद्धा लांब गेला नाही रे, जमीन कुत्र्यासारखी प्यायली.

अर्धी टाकी घेऊन जीप चढली. वर बायकांनी जीपला हळदकुंकू लावलं.

त्यानंतर रोज तेच. सकाळी टाकी काठोकाठ भरायची, पायथ्याला येऊन तोटी उघडायची, बिडी संपेपर्यंत थांबायचं आणि वर जायचं. सुरुवातीला पुंजारामनं आबाला दोन गोष्टी सुचवल्या. पायथ्याला पिंपं ठेवू, अर्धं त्यात काढू आणि दुसऱ्या फेरीत ते वर नेऊ. आबा म्हणाला, दुपारी जीप नगरला लागते, दोनदा घाट चढत बसायला वेळ कुठाय. मग पुंजाराम म्हणाला, बन्सी मिस्त्रीकडून जुनी जोडी परत बसवून घेऊ, भरली टाकी आरामात चढेल. यावर आबा मनापासून हसला.

“मला पुन्यांदा त्या रनगाड्यात बसवतोस व्हय रं?”

दुष्काळात त्याला कामं भरपूर होती. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. साहेबांना भेटायला पळावं लागायचं, आणि पळायला चाराची जोडी लागायची. एवढाच हिशेब होता त्याचा. त्यात कुणाचं वाईट करायचं असं त्याच्या मनात नसावं. मला तर त्याचीच जास्त शिसारी येते. वैर असतं तर समजून घेता आलं असतं.

पुंजाराम बदलत गेला. जेवताना पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की त्याला मळमळायचं. छबूबाई एका हंड्यासाठी रांगेत उभी राहून यायची, आणि तो हंडा उतरवायला हात लावताना त्याचं तोंड वाकडं व्हायचं. तिला वाटलं मिलो बाधला. तिनं ओवा दिला, लिंबू उतरवून टाकलं. त्यानं तिला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही दुकानाची फळी लावून झाल्यावर, रस्त्याकडं पाठ करून. मी म्हणालो, नोकरी सोड. तो म्हणाला, सोडली तर दुसरा कुणीतरी तोटी उघडेल, आणि छबूच्या खडीवर दोन पोरं जगत नाहीत. मग बराच वेळ तो हाताचा वास घेत बसला. हाताला पेट्रोलचा वास येत होता, पण त्याला दुसराच कसला तरी येत असावा.

माघ सरला तसं एक झालं. रोज एकाच जागी एवढं पाणी पडत राहिलं, तिथं हरळी उगवली. सगळा डोंगर भाजून काळा-पिवळा पडलेला आणि घाटाच्या पायथ्याला घोंगडीएवढा हिरवा तुकडा. आधी कावळे आले. मग झुंबरबाई आली.

झुंबरबाई ही बोरखडीतली म्हातारी. मुलगा आणि सून ऊसतोडीला कारखान्यावर, दीड-दोन वर्षांची नात हिच्या कडेवर, आणि दोन शेळ्या. शेळ्या वासानं खाली उतरल्या तशी ती मागोमाग आली आणि तिला हिरवं दिसलं. तिनं हात लावून पाहिलं, तर माती ओली. ती धावत वर गेली आणि वाडीला सांगितलं की पायथ्याला झरा फुटतोय.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम जीप घेऊन आला तर तिथं पंधरा-वीस बायका जमलेल्या. हिरवळीच्या कडेला एक दगड उभा करून त्याला शेंदूर लावला होता. नारळ कुठून मिळणार, म्हणून गुळाचा खडा ठेवला होता. रेशनवर मिळालेला, पोरांच्या तोंडातला काढून ठेवलेला. आणि बायका पहारी, कुदळी घेऊन खोदत होत्या. कुणाच्या पोटात काही नव्हतं. झरा लागेपर्यंत उपास धरायचा ठरला होता. वरची माती चिखल होऊन यायची, तसा त्यांना हुरूप यायचा. मग खाली कोरडा मुरूम लागायचा. तो लागला की त्या थोडं बाजूला सरकून पुन्हा खणायच्या.

पुंजाराम जीपमध्येच बसून राहिला. तोटी उघडायची सोय नव्हती. तो भरली टाकी घेऊन माघारी वळला, नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन अर्धं पाणी सोडलं आणि मग परत येऊन त्यांच्या शेजारून घाट चढला. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. एकीनं त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला. तो सांगत होता, तेवढ्या आशीर्वादापायी वर पोचेपर्यंत दोनदा गाडी थांबवून ओकलो.

संध्याकाळी त्यानं आबाला सांगितलं. वाटलं होतं, आता तरी आबा हादरेल. आबानं कपाळाला हात लावला आणि हसू दाबायला लागला. मग म्हणाला की खणू दे, चार दिवसांत कंटाळतील. आणि जरा विचार करून पुढं म्हणाला की चांगलंच आहे, पावसाळ्यानंतर तिथं आपल्या खर्चानं चौथरा बांधून देऊ. बाजूला बसलेल्या दोघातिघांना त्यानं ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. त्यात बायकांच्या खणण्याची नक्कलही केली.

त्या दिवसापासून पुंजारामनं त्याला आबा म्हणणं सोडलं. मालक म्हणायला लागला.

सकाळी तो टाकी भरून पायथ्याला गेला. बायका होत्याच. खड्डा कमरेइतका झाला होता. झुंबरबाई काठावर नात मांडीवर घेऊन बसली होती. पुंजाराम तिच्यापाशी गेला आणि उकिडवा बसला.

“मावशे, हितं झरा न्हाई. पानी मीच वततोय रोज.”

तिला वाटलं तो देवाच्या कृपेचं काहीतरी बोलतोय. त्यानं पुन्हा नीट सांगितलं. गाडी भरल्या टाकीनं चढत नाही, म्हणून अर्धी टाकी इथं सोडतो. दिवाळीपासून.

झुंबरबाईनं नातीला मांडीवर सावरलं. मग म्हणाली, “रोज?”

“व्हय.”

“माझी सून तोडीला जायच्या आदी पान्यापायी खाली पडली हुती. पोटूशी बाई. पोहरा वढताना. हिरीत चिखलच यायचा निस्ता.” तिनं खड्ड्याकडं बोट केलं. “ह्या बायास्नी मी न्हाई सांगनार. तूच सांग.”

मग त्याला खड्ड्याच्या काठावर उभं राहून सांगावं लागलं. सगळ्यांच्या हातातलं काम थांबलं. त्याला वाटत होतं मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं असंही तो म्हणायचा. मारलं कुणी नाही. एकीनं हातातला चिखल त्याच्या छातीवर फेकला. बाकीच्या वर आल्या, पहारी गोळा केल्या. एका पोरसवदा बाईनं शेंदराच्या दगडासमोरचा गुळाचा खडा उचलला, पदरानं मुंग्या झटकल्या आणि पोराच्या तोंडात घातला.

त्याच आठवड्यात आबा कामांच्या मंजुरीसाठी मुंबईला गेला. पुंजारामनं जीप थेट नगरला बन्सी मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली आणि जुनी जोडी परत बसव म्हणाला. बन्सीनं मालकाची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. पुंजारामनं त्याला पाण्याचं सांगितलं, खड्ड्याचं सांगितलं. बन्सी हात पुसत ऐकत राहिला आणि म्हणाला की हे होणार हे त्याला त्याच दिवशी दिसलं होतं. मागची जोडी बदलली की जीप घाटाची उरत नाही. पण आपलं काम पाना फिरवायचं, गिऱ्हाइकाला शहाणं करायचं नव्हे.

पुंजाराम म्हणाला, “मग आता फिरव.”

तो गॅरेजच्या दारातच बसला. उठेना. गिऱ्हाइकं त्याला ओलांडून जायला लागली तसा बन्सी वैतागला. जुनी जोडी ग्रीस लावून गोणपाटात बांधून कोपऱ्यात पडलीच होती. बन्सीनं शिव्या देत जीप जॅकवर घेतली. मागचा ॲक्सल उघडला, चाराची जोडी काढून पाचाची बसवली, दातांना रंग लावून ते एकमेकांत नीट बसतात का पाहिलं, तेल भरलं. पत्रा काढून दोन्ही छोटे दांडे पुन्हा जोडले. मजुरी घेतली नाही. पुंजाराम म्हणायचा, त्यानं घेतली असती तर मला कमी किळस आली असती. न घेऊन तो सुटल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पायथ्याला पुंजारामनं जीप थांबवली. दोन्ही दांडे ओढले. पुढच्या ॲक्सलमधून खट्ट आवाज आला आणि जीप भरली टाकी घेऊन चढायला लागली. माणूस शेजारून चालत गेला असता एवढीच चाल, पण चाक कुठं भिरभिरलं नाही. दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं. इंजिन एका सुरात चाललं होतं. वर त्यानं पाइप विहिरीत सोडला आणि पाणी पडायचा आवाज थांबेपर्यंत कठड्याला टेकून उभा राहिला. बायका लांब उभ्या होत्या. पाणी पूर्ण आलंय हे त्यांना आवाजावरून कळलं असणार. कुणी पुढं आलं नाही, हळदकुंकू नाही की आशीर्वाद नाही. त्यानंही अपेक्षा केली नव्हती.

आबा मुंबईला होता तोवर असं चाललं. आल्या आल्या त्याला नगरला जायचं होतं. जीप चाळीसवर किंचाळायला लागली तेव्हा त्यानं पुंजारामकडं पाहिलं, मग खाली त्या दोन दांड्यांकडं. टाकळीच्या अलीकडं ॲम्बेसिडर हॉर्न वाजवत पुढं गेली. आबानं जीप बाजूला घ्यायला लावली.

पुंजारामला वाटलं आता शिव्या येणार. आबा समजुतीच्या सुरात बोलला, लहान भावाशी बोलावं तसं. “पुंजा, येडा हाईस तू. वर वतलं काय, खाली वतलं काय, पानी शेवटी जमिनीतच जातंय की.”

पुंजारामनं किल्ली काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि तिथून चालत निघाला. ट्रकनं, पायी, मिळेल तसा जामखेडला आला. माझ्या दुकानात येऊन सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर रस्त्यावर जाऊन थुंकला. एकदा थुंकून त्याचं समाधान झालं नाही.

पुढचं जास्त घाण आहे. आबानं दुसरा ड्रायव्हर ठेवला आणि पाचाची जोडी काढून चाराची पुन्हा घातली. बन्सीनं तीही घातली, पाना फिरवायचं त्याचं कामच होतं. पण आता वाडीला सगळं माहीत झालं होतं. झुंबरबाई बायकांना घेऊन रोज सकाळी पायथ्याला येऊन बसायला लागली. जीप आली की त्या हंडे, घागरी, डबे, अगदी पोरांची भांडी तोटीखाली धरायच्या. अर्धी टाकी त्यांच्या भांड्यांत जायची, अर्धी जीप वर न्यायची, आणि भरलेले हंडे डोक्यावर घेऊन त्या घाट चढायच्या. जीपनं जे ओढायचं ते उपाशी बायका ओढत होत्या. एक थेंब सांडत नव्हता. पुंजारामनं तहसिलात जाऊन तोंडी सांगितलं. त्याला विचारलं गेलं की पाणी पोचतंय की नाही? पोचत होतं. मग तक्रार कसली?

उन्हाळ्याच्या शेवटी आबाचा सत्कार झाला. दुष्काळात केलेल्या पाणीसेवेबद्दल. मंडप, शाल, फेटा, सगळं होतं. बोलणाऱ्यानं सांगितलं की आबांनी वाडीतल्या भगिनींसाठी घाटाच्या पायथ्यालाच पाण्याची सोय केली. पुंजाराम आणि मी मागं उभे होतो. लोक टाळ्या वाजवत होते, आणि वाजवणाऱ्यांत ज्यांना सगळं ठाऊक होतं असे कमीत कमी दहा चेहरे मला दिसत होते. आबानं भाषणात दोन्ही हात जोडून सांगितलं की हे सगळं त्या माउल्यांचंच पुण्य. त्याचा आवाज भरून आला होता, आणि माझी खात्री आहे की ते नाटक नव्हतं. पुंजाराम मंडपामागं जाऊन वाकला. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्यानं तो झटकला.

पुढं तो जीपमध्ये कधी बसला नाही. ड्रायव्हरच्या जागेवर नाही आणि मागच्या बाकावरही नाही. लग्नाला जायचं तरी एसटीनं जायचा. दुष्काळी रस्त्यांची अर्धवट कामं पावसानंतरही चालू होती, तिथं त्याला रोडरोलरवर काम मिळालं, आधी मदतनीस, मग चालवायला. पुढं-मागं, पुढं-मागं, दिवसभरात फर्लांगभर रस्ता. मी एकदा डबा द्यायला गेलो होतो. लांबून पाहिलं तर खडीवर काम करणाऱ्या बायकांत झुंबरबाई होती. वाडीतल्या कामावर भागेना म्हणून ती इथवर आली होती. पुंजारामनं तिला ओळखलं होतं, तिनंही त्याला. भाकरी खायला ती त्याच्याकडं पाठ करून बसायची. बाकीच्या बाया त्याच्या डब्याजवळच्या माठातलं पाणी घ्यायच्या, ती घ्यायची नाही, लांबच्या पिंपावर जायची.

दुपारी ऊन वाढलं. आसपास झाड नव्हतं. ती नातीला कडेवर घेऊन सरळ रोलरपाशी आली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, “ह्यो जरा आडवा लाव. पोरीला सावली पायजे.”

पुंजारामनं रोलर वळवून आडवा लावला आणि इंजिन बंद केलं. तिनं मोठ्या चाकाच्या सावलीत पटकूर अंथरलं, पोरीला निजवलं आणि शेजारी बसून राहिली. पुंजाराम उतरून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला उन्हात जाऊन उभा राहिला. मुकादमानं काम का थांबलं म्हणून हाक मारली, तर इंजिन तापलंय म्हणून त्यानं तिथूनच सांगितलं.